गर्भपात करायचा ठरला तर नेमकं काय काय होतं: तारखेपासून पुढच्या पाळीपर्यंत

डॉक्टरकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, शेवटची पाळी कधी आली होती, आणि आपल्या बायका हमखास तिथेच अडखळतात, महालक्ष्म्यांच्या आधी आली होती बहुतेक, नाही नाही, तेव्हा तर गोळी घेऊन पुढे ढकलली होती, मग त्याच्या नंतर कधीतरी... हा प्रश्न काही फॉर्मचा रकाना भरायला विचारत नाहीत हो. पुढचं सगळं, म्हणजे गोळ्यांनी होईल का मशीनने, एका डॉक्टरच्या सहीवर होईल का दोन लागतील, घरी राहता येईल का अॅडमिट व्हावं लागेल, हे त्या एका तारखेवर ठरतं.

आणि घोळ असा होतो की बहुतेकींना वाटतं आठवडे संबंध आले त्या दिवसापासून मोजायचे. तसं नाही. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, तिथून मोजणी सुरू. समजा १ जूनला पाळी आली, महिन्याच्या हिशोबाने पुढची २९ जूनला यायला हवी होती, नाही आली, तुम्ही आठवडाभर वाट पाहिली आणि ६ जुलैला घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. तुमच्या डोक्यात 'आत्ताच तर कळलं, आठच दिवस झाले', पण डॉक्टरच्या कागदावर त्या दिवशी पाच आठवडे पूर्ण झालेले असतात. गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवस, म्हणजे ३ ऑगस्टपर्यंत. हातात चार आठवडे आहेत, त्यातले दोन नवऱ्याशी बोलू का नको, सासूला कळलं तर, गावाहून नणंद येणारेय ती गेली की बघू, ह्यात जातात. म्हणून म्हणते, निर्णय काय घ्यायचा तो तुमचा तुम्ही घ्या, पण तारीख आधी पक्की करा.

मी नर्सिंग केलंय आणि इंदूरातच बायकांच्या वॉर्डात नोकरी केली, त्यामुळे रामबागेतल्या काकूंपासून भंवरकुआंच्या हॉस्टेलवरच्या पोरींपर्यंत सगळ्यांचे तेच ते प्रश्न ऐकलेत, बहुतेक वेळा कुजबुजत, दाराकडे बघत. इथे मोठ्याने लिहिते. आणि हो, लोकांना वाटतं हे सगळं लग्न न झालेल्या पोरींचं प्रकरण, तसं अजिबात नाही, माझ्यासमोर आलेल्या बायकांत लग्न झालेल्या, एक-दोन मुलं असलेल्या, 'लहाना अजून अंगावर पितोय हो' म्हणणाऱ्याच जास्त होत्या. ह्या अंगावर पाजणाऱ्यांची तर वेगळीच गंमत, बाळंतपणानंतर पाळीच आलेली नसते आणि मध्येच दिवस राहतात, मग तारीख सांगणार कुठली? त्यांना सोनोग्राफीशिवाय पर्याय नाही.

सोनोग्राफीचंच घ्या. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर तो बोर्ड असतो ना, की इथे लिंग परीक्षण होत नाही, तो गुन्हा आहे, तो वाचून कितीतरी जणींना वाटतं की गर्भपातच गुन्हा आहे आणि आपण इथे नाव सांगितलं तर पोलीस येतील. दोन वेगळे कायदे आहेत. मुलगा की मुलगी हे बघणं आणि सांगणं १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने बंद आहे. गर्भपात १९७१ च्या एमटीपी कायद्याखाली कायदेशीर आहे, १९७२ च्या एप्रिलपासून लागू, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली. सोनोग्राफीत डॉक्टर दोन गोष्टी बघतात, किती आठवडे झालेत आणि गर्भ पिशवीतच आहे ना. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शंभरातल्या एक-दोन जणींमध्ये गर्भ पिशवीत न राहता नळीत रुजतो, त्यावर ह्या गोळ्या काहीच करत नाहीत, आणि बाईला वाटतं रक्त गेलं म्हणजे काम झालं, इकडे नळी वाढत वाढत फुटते, पोटात रक्त साठतं. एका बाजूला सतत दुखणं, खांद्याच्या टोकाला विचित्र कळ, चक्कर, घाम, असं काही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

सोबत रक्ताच्या तपासण्या, हिमोग्लोबिन आणि ब्लड ग्रुप. हिमोग्लोबिन आधीच सात-आठ असेल तर घरी बसून रक्त घालवणं परवडत नाही. आणि ग्रुप निगेटिव्ह निघाला तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारायचं, ते घ्यायचं असेल तर ७२ तासांच्या आत. फार कमी आठवड्यांत ते लागतंच का ह्यावर डॉक्टरांची मतं थोडी वेगळी असतात, पण विचारायचं मात्र नक्की, कारण ते पुढच्या बाळासाठी असतं. कॉपर टी बसवलेली असताना दिवस राहिले असतील, दम्यासाठी किंवा आणखी कशासाठी रोजच्या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करायचं औषध असेल, आधी सिझर झालेलं असेल, बाळ अंगावर पीत असेल, सगळं सांगा. अंगावर पाजणाऱ्यांना बहुतेक वेळा पाजणं बंद करावं लागत नाही, पण सांगितलंच नाही तर कोण कसं सल्ला देणार.

आता सहीचं. वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न: नवऱ्याची सही लागते का? नाही लागत. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, कायद्यात दुसऱ्या कुणाची मागितलेलीच नाही, ना नवऱ्याची, ना सासूची, ना बापाची. तरी पुष्कळ ठिकाणी मागतात, 'कल को झगड़ा हो गया तो' म्हणून, पण ती त्यांची सोय झाली, कायदा नाही. अठराच्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल तर पालकाची लेखी संमती लागते. आणि लहान मुलीच्या बाबतीत पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, पण सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही.

एमटीपी कायदा पुढे २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर, आणि ते ठरावीक बायकांसाठी, म्हणजे बलात्कार झालेला असेल, वय अठराच्या आत असेल, दिवस असतानाच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अपंगत्व असेल, मानसिक आजार असेल, गर्भात गंभीर दोष निघाला असेल वगैरे. चोवीसच्या पुढे फक्त गर्भात मोठा दोष असेल तर, आणि तेही मेडिकल बोर्डाने ठरवल्यावर, नाहीतर बाईच्या जिवालाच धोका असेल तर. आधी कायद्यात गर्भनिरोधक साधन फेल गेल्याचं कारण फक्त 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' ह्यांनाच होतं, २०२१ मध्ये तिथे 'स्त्री आणि तिचा जोडीदार' आलं, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्टच केलं की लग्न झालंय का नाही ह्यावरून चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सोयीत फरक करता येणार नाही. त्याच निकालात नवऱ्याने केलेली जबरदस्तीसुद्धा ह्या कायद्यापुरती बलात्कारात धरली. मात्र एक समजून घ्या, आपल्याकडे 'मला नको' एवढंच कारण कागदावर चालत नाही, डॉक्टरला लिहावं लागतं की हे बाळंतपण बाईच्या शरीराला किंवा मनाला गंभीर त्रासाचं ठरेल. साधन फेल गेलं असेल तर तो मनाचा त्रास कायदा धरूनच चालतो. म्हणून डॉक्टर विचारतात, बाई, काय वापरत होतात? ते टोमणा मारायला नाही विचारत (काही मारतातही, ते सोडा), त्यांना ते लिहायचं असतं.

तुमचं नाव बाहेर गेलं तर? कायद्याने परवानगी असलेल्या माणसाशिवाय दुसऱ्याला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी आपलं इंदूर म्हणजे कोण कुणाची मावशी निघेल भरवसा नाही, म्हणून बायका देवासहून इथे येतात आणि इथल्या उज्जैनला जातात, त्यात काही चूक नाही, फक्त परत तपासणीला जाता येईल आणि अडीअडचणीला पोचता येईल एवढं अंतर ठेवा. सरकारी हॉस्पिटलला वेगळी परवानगी लागत नाही, इंदूरात एमवाय हॉस्पिटल आहे, खाजगी ठिकाण असेल तर त्याचं एमटीपीचं मान्यतापत्र असतं, ते बघा. आणि डॉक्टर अॅलोपथीचा, एमटीपीचं शिक्षण किंवा अनुभव असलेला हवा. कोपऱ्यावरचे आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे डॉक्टर कितीही चांगले असले, घरच्यासारखे असले, तरी हे काम त्यांचं नाही.

आता गोळ्या. हिंदीत 'किट' म्हणतात तेच, पाच गोळ्यांचं पाकीट. एक मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची आणि चार मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या. पहिली गोळी प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनचं काम अडवते, गर्भाला धरून ठेवणारं पिशवीचं आतलं अस्तर त्या हार्मोनवरच टिकलेलं असतं, ते सुटायला लागतं. ही गोळी फ्रान्समध्ये १९८८ ला आली, आपल्याकडे २००२ ला. उरलेल्या चार गोळ्या पिशवी आवळायला लावतात आणि तिचं तोंड मऊ करतात, ह्या मुळात पोटातल्या अल्सरच्या, बायकांच्या कामी नंतर आल्या.

पहिली गोळी पाण्याबरोबर गिळायची. बहुतेकींना काहीच होत नाही, थोडं मळमळतं, एखादीला डाग दिसतात, आणि इथेच काही जणी म्हणतात 'झालं वाटतं' आणि पुढच्या चार घेतच नाहीत. असं अर्धवट सोडायचं नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पुढच्या चार, डॉक्टर सांगतील तशा, जिभेखाली किंवा गाल आणि हिरडीच्या मध्ये अर्धा तास धरून ठेवायच्या आणि मग उरलेलं गिळायचं, नाहीतर योनीमार्गात ठेवायच्या. खडूसारखी चव लागते, तोंड कोरडं पडतं, तेवढं सोसायचं.

दिवस नीट निवडा हो. हे मी हात जोडून सांगते. घरात महालक्ष्म्या बसल्यात, पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, आणि ही बाई सकाळी गोळ्या घेऊन ओट्याशी उभी, कारण घरात कुणाला सांगितलेलंच नाही, असं मी पाहिलंय. चार गोळ्या घेतल्यावर साधारण एक ते चार तासांत पोट दुखायला लागतं आणि रक्त सुरू होतं, आणि ते पाळीसारखं नसतं, पाळीपेक्षा बरंच जास्त, गाठी पडतात, कळा येतात, थंडी वाजून अंग कापतं, थोडा ताप, उलटी, जुलाब. हे सगळं त्या दिवसापुरतं अपेक्षित आहे. त्या दिवशी घरात एक माणूस सांगून ठेवलेलं हवं, नवरा, बहीण, मैत्रीण, कुणीही, संडास जवळ हवा, मोठे पॅड हवेत, गरम पाण्याची पिशवी हवी, आणि दुखण्याची गोळी डॉक्टरने लिहून दिलेली (बहुतेक वेळा आयबुप्रोफेन) कळा शिगेला जायच्या आधीच घ्यायची. ती गोळी घेतली तर गर्भपात नीट होणार नाही, असा एक समज आहे, तो खोटा.

काय दिसेल? हे विचारायला सगळ्या घाबरतात. पाच-सहा आठवड्यांत रक्त आणि गाठींपलीकडे वेगळं काही ओळखू येत नाही. आठ-नऊ आठवड्यांत करड्या-पांढुरक्या पेशींचा गोळा, छोटी पिशवीसारखं काही दिसू शकतं. बघायचं का नाही हे ज्याचं त्याचं, बघणंही चालतं, न बघता पाणी ओतणंही चालतं, दोन्हींत काही पाप नाही. मुख्य भाग बहुतेक चार-सहा तासांत पडतो, कुणाला चोवीस तास लागतात. पडला की कळा एकदम कमी होतात, बायकांना ते स्वतःलाच कळतं. आणि चार गोळ्या घेऊन चोवीस तास झाले तरी रक्तच नाही, किंवा नुसते डाग, तर डॉक्टरला फोन, स्वतःहून दुसरं किट आणायचं नाही.

गोळ्यांनी शंभरातल्या पंच्याण्णवच्या वर बायकांचं पूर्ण होतं, उरलेल्यांत काही भाग आत राहतो किंवा क्वचित गर्भ तसाच वाढत राहतो. तसाच वाढला तर 'जाऊ दे, देवाची इच्छा, ठेवू' असं करणं धोक्याचं, कारण मिसोप्रोस्टॉलने बाळात व्यंग येऊ शकतं, हे आधीच नीट समजून घ्यायचं.

मेडिकलवरून परभारे किट आणण्याबद्दल. कायद्याने हे चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण मिळतं, हे तुम्हालाही माहीत आहे. २०१५ सालाचा एक मोठा अभ्यास आहे, लॅन्सेट ग्लोबल हेल्थ ह्या वैद्यकीय मासिकात आला होता, त्यात भारतात वर्षाला साधारण १ कोटी ५६ लाख गर्भपात होतात असा अंदाज निघाला आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनीच झालेले. म्हणजे हे करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आणि गोळ्या विषारी आहेत असंही नाही, खरं धोकादायक हे की काउंटरवरचा मुलगा आठवडे विचारत नाही, नळीतला गर्भ बघत नाही, हिमोग्लोबिन बघत नाही, आणि रात्री रक्त थांबेना तर त्याचं शटर खाली असतं. आणि नवरे तर काय, हळू आवाजात 'भिया, वो गोली देना' म्हणतात, आणि घेऊन येतात ती ७२ तासांवाली, जी दिवस राहूच नयेत म्हणून असते, राहिल्यावर तिचा काही उपयोग नाही. तिसरा प्रकार 'पाळी आणायच्या' हार्मोनच्या गोळ्या, त्यांनीही गर्भ पडत नाही. कच्ची पपई, तीळ-गुळाचा काढा, अननस, ह्यात फक्त दिवस जातात. आणि कुणी काडी, मुळी, असलं काही आत घालायचं म्हणाली तर ती बाई कितीही अनुभवी असो, उठून यायचं. त्याने पू होतो, पिशवीला भोक पडतं, बायका मरतात.

गोळ्या नको असतील किंवा दिवस जास्त झाले असतील तर मशीनने. बायका अजून 'क्युरेटिंग' म्हणतात, 'सफाई' म्हणतात, पण लोखंडी क्युरेटने खरवडायची ती जुनी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच मोडीत काढायला सांगितलीय, कुणी तेच करतो म्हणालं तर व्हॅक्यूमने का नाही हे विचारा. व्हॅक्यूम म्हणजे एक मोठी सिरिंज किंवा इलेक्ट्रिक मशीन, त्याला प्लास्टिकची नळी. पिशवीचं तोंड आधी गोळ्यांनी मऊ करतात, तिथे सुन्न करायचं इंजेक्शन देतात, कुठे कुठे थोडा वेळ झोपवतात, नळी आत घालून ओढून घेतात. मूळ काम पाच-दहा मिनिटांचं. कळा येतात, पाळीत येतात तशा जरा जोरात, मग दोन-तीन तास पडून राहायचं आणि त्याच दिवशी घरी. नंतर रक्त गोळ्यांपेक्षा कमी दिवस जातं आणि झालं का नाही हे टेबलवरच कळतं, ज्यांना घरी कुणाला कळू द्यायचं नाही त्यांना हे बरेचदा सोयीचं पडतं. इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देतात, ते मध्येच सोडायचं नाही. पिशवीला इजा होणं फार क्वचित, पण म्हणूनच शिकलेल्या हाताकडे जायचं.

तीन महिन्यांच्या पुढे हे घरी होत नाही, अॅडमिट व्हावं लागतं, गोळ्यांचे बरेच डोस देऊन कळा आणतात, बाळंतपणासारखंच चालतं, तास लागतात, कधी रात्र जाते. ह्यात येणाऱ्या बहुतेक बायकांना ते मूल हवं असतं, सोनोग्राफीत दोष निघालेला असतो. त्यांना आधीच सांगायला हवी अशी एक गोष्ट, नंतर दोन-चार दिवसांनी अंगाला दूध येऊ शकतं. कुणी सांगितलेलं नसतं आणि ती बाई न्हाणीघरात एकटी रडते. दूध थांबवायचं औषध मिळतं, घरी जायच्या आधी मागून घ्या.

आता नंतरचं. पहिले दोन-तीन दिवस भरपूर, मग कमी कमी होत दहा-पंधरा दिवस रक्त जातं, डाग तर काहींना महिनाभर दिसतात, मध्येच दोन दिवस थांबून परत सुरू होतं, ते चालतं. मळमळ आठवड्याभरात जाते, छाती दुखायची थांबते. अंघोळ रोज करा, पहिले पाच दिवस डोक्यावरून पाणी नको वगैरे काही नाही. जेवण नेहमीचं, फक्त रक्त गेलंय म्हणून लोहाच्या गोळ्या, आणि त्या चहाबरोबर नको, आपल्याकडे पोहे, जिलेबी आणि वर चहा ह्याशिवाय सकाळ होत नाही, पण चहा लोह शोषू देत नाही, म्हणून गोळी दुपारी लिंबूपाण्याबरोबर घ्या. संबंध रक्त थांबेपर्यंत नको, आणि तुमची इच्छा नसेल तर नंतरही नको.

धावत जायचं कधी, हे घरातल्या त्या एका माणसालाही सांगून ठेवा. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर थांबायचं नाही. चार गोळ्यांच्या दिवशीचा ताप वेगळा, पण नंतर १००.४ च्या वर ताप राहिला, पोट दाबलं की दुखतंय, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास येतोय, चक्कर येऊन पडायला होतंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. कुठेही जा, पण डॉक्टरला खरं सांगा, काय घेतलं, किती गोळ्या, कधी. घाबरून 'आपोआप पडलं' सांगतात, पण वेळा आणि गोळ्या कळल्या तर इलाज लवकर होतो. घरून गोळ्या घेतल्या म्हणून इमर्जन्सीत इलाज नाकारता येत नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीला जायचं, बरं वाटत असलं तरी. घरच्या घरी टेस्ट मात्र आठवड्याभरात करून रडत बसू नका, ते हार्मोन रक्तातून जायला वेळ लागतो, तीन-चार आठवडे दोन रेघा येऊ शकतात. तसंच चौथ्याच दिवशी सोनोग्राफी केली की रिपोर्टमध्ये 'काही अंश शिल्लक', अस्तर इतके मिलिमीटर, असं येणारच, कारण गाठी अजून पडायच्याच असतात, आणि तेवढ्यावर घाबरून सफाई करून घेतली जाते. बाईला फार रक्त नाही, ताप नाही, दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टवर टेबलवर चढायची घाई नको, थांबून परत बघता येईल का हे विचारायचं.

मनाचं कुणाला एकदम हलकं वाटतं, कुणाला रडू येतं, कुणाला दोन्ही एकाच दिवशी, हार्मोन खाली येत असतात ते वेगळंच. हलकं वाटलं म्हणून आपण दगड आहोत का असंही विचारतात, नाही बाई. अमेरिकेत सुमारे हजार बायकांचा पाच वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आहे, टर्नअवे नावाचा, त्यात गर्भपात झालेल्यांचं मन नंतर जास्त बिघडलं असं काही निघालं नाही, आणि पाच वर्षांनंतरही बहुतेकींना आपला निर्णय बरोबरच वाटत होता. पण दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण नाही, मरायचे विचार येतायत, तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे. घरातल्यांनी फक्त एवढं करावं, 'पुण्य कमी झालं', 'आता शांती करून घे', असलं बोलू नये.

पुढे मूल होईल ना? होईल. नीट, वेळेत, शिकलेल्या हातून झालेल्या एका गर्भपाताने वांझपण येत नाही, गोळ्यांनीही नाही. ज्यांना पुढे अडचण आली त्यांच्यात बरेचदा इन्फेक्शन अंगावर काढलेलं असतं.

उलट काळजी दुसरीच करावी लागते. पाळी परत यायला चार ते सहा आठवडे लागतात, पण अंडं त्याच्या आधीच सुटतं, आठ-दहा दिवसांतसुद्धा, म्हणजे पाळी न येताच परत दिवस राहू शकतात, आणि दोन महिन्यांनी तीच बाई परत वॉर्डात दिसते. म्हणून साधनाचं त्याच वेळी ठरवा. रोजच्या गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या दिवसापासूनच सुरू करता येतात. मशीनने केलं तर त्याच टेबलवर कॉपर टी बसवता येते, गोळ्यांनी केलं तर पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर. सरकारी दवाखान्यात अंतरा इंजेक्शन मिळतं, तीन महिन्यांतून एकदा, आणि छाया गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय कुणी काही बसवू शकत नाही, आणि कॉपर टी बसवून घेतली तरच गर्भपात करू, अशी अट घालता येत नाही, कुणी घातली तर नाही म्हणा.

आणि दोन मुलं झालीत, आता नकोच आहे, असं असेल तर बाईने पोट उघडून घ्यायच्या आधी नवऱ्याला विचारा. बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांची असते, भूल फक्त तेवढ्या जागेला, त्याच दिवशी घरी, ताकद-बिकद काही कमी होत नाही. फक्त लगेच मोकळं नाही, तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करून रिपोर्टमध्ये शुक्राणू नाहीत असं लिहून आलं की झालं.